बेन आल्टनवरून उतरलेले

१

टॉर्किलची एक सवय होती. डोंगर चढताना तो झपाझप पुढे निघून जायचा आणि एखाद्या दगडावर बसून मागच्याची वाट बघायचा. मागचा धापा टाकत जवळ आला की हा उठून उभा राहायचा. "चला, झाला बराच आराम," असं म्हणून चालायलाच लागायचा. पुढच्याला विश्रांती मिळायची, मागच्याला कधीच नाही. आणि मागचा म्हणजे नेहमी मर्डो, त्याचा धाकटा भाऊ.

टॉर्किल माझा नवरा. शाळेत मुलांना व्यायाम शिकवायचा, म्हणजे पळवायचा. निवृत्त झाल्यावर पळवायला एकटा मर्डो उरला. मर्डोने जन्मभर टपाल वाटलं. लग्न केलं नाही. बोनार ब्रिज गावी नदीकाठच्या छोट्या घरात राहायचा. त्या वसंतात त्याचा उजवा गुडघा बदलला होता, तरी ऑक्टोबरात डोंगर चढायला चल म्हणून टॉर्किलचा फोन गेल्यावर तो हो म्हणाला. तो नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आमची गाडी दुरुस्तीला टाकलेली, म्हणून मर्डो सकाळी त्याची गाडी घेऊन डिंगवॉलला आमच्या घरी आम्हाला न्यायला आला. मी मागे बसले. मधे गरम चहाचा थर्मास आणि चीजची सँडविचं.

"गुडघा काय म्हणतो, मर्डो?" मी विचारलं.

"लोखंडाचा आहे तो," उत्तर टॉर्किलने दिलं. "त्याची कसली काळजी? सगळा मर्डो कुजून जाईल, गुडघा तेवढा राहील."

मर्डो हसला. स्वतःवरच्या विनोदाला तो सगळ्यांच्या आधी हसायचा.

बेन आल्टन हा डोंगर फारसा कुणाला माहीत नाही. उंच शिखरांची यादी करून ती एकेक चढून संपवणारी माणसं असतात. टॉर्किलने ती यादी केव्हाच संपवली होती. आल्टन त्या यादीत बसण्याइतका उंच नाही, जवळ गाव नाही, वर जायला पायवाट नाही. लेर्ग गाव सोडल्यावर रस्ता एका गाडीपुरता होतो आणि शेवटी एका लोखंडी फाटकापाशी संपतो. आम्ही उतरलो तेव्हा कुठेतरी वर हरणांचे नर ओरडत होते. त्या दिवसांत ते ओरडतातच. तरी पहिल्यांदा ऐकलं की कुणीतरी माणूस ओकतोय असं वाटतं.

२

फाटकानंतर जमीन काळी आणि भिजलेली. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो, काढला की चोखल्यासारखा आवाज येतो. टॉर्किल पुढे, मी मधे. मर्डो दोन काठ्या टेकत मागून.

"मर्डो! टपाल आज पोचवायचंय रे, पुढच्या आठवड्यात नाही!"

"आलो, आलो!" मागून आवाज आला.

मग धुकं उतरलं. हळूहळू नाही, कुणी पडदा सोडावा तसं. टॉर्किलची पाठ मला कशीबशी दिसत होती. मागे वळले तर पांढरं, बाकी काहीच नाही.

"त्याला येऊ दे ना जरा," मी म्हणाले.

टॉर्किल थांबला. मागून काठ्यांचा आवाज येत होता, टक्... टक्... टक्. आवाज अगदी जवळ आला तसा टॉर्किल सवयीप्रमाणे निघाला. "मर्डो, आहेस ना?"

"आलो, आलो!"

असं कितीतरी वेळा झालं. आणि केव्हातरी माझ्या लक्षात यायला लागलं की ते "आलो, आलो" दर वेळी तसंच येतंय. आपण चढताना दमतो, आवाज फाटतो, कधी नुसतं हं म्हणतो, कधी शिवी देतो. हे मात्र अगदी तेच होतं. दुसऱ्या "आलो"नंतर एक छोटा श्वास, तोही तोच. मी स्वतःलाच समजावलं, मर्डो असाच आहे. आयुष्यभर त्याने दारोदार एकाच सुरात सुप्रभात म्हटलंय.

मग मी खाली पाहिलं. पायाखाली शेवाळ आणि काळा चिखल. दगड नव्हता एकही. माझी काठी टेकली की नुसती आत रुतत होती, आवाज म्हणून काही नाही.

टक्... टक्... टक्.

"टॉर्किल," मी म्हणाले, "त्याच्या काठ्या कशावर वाजतायत?"

"गुडघ्यावर," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन पुढे गेला.

३

माथ्यावर दगडांची रास होती, कमरेएवढी. वारा अडावा म्हणून आम्ही तिच्या आडोशाला बसलो. गारा पडायला लागल्या होत्या. मी चहा ओतला. तिसरा पेला मर्डोसाठी दगडावर ठेवला, आणि टॉर्किलने तो उचलून पिऊन टाकला.

काठ्यांचा आवाज चढत चढत आला आणि धुक्याच्या कडेशी थांबला. चार हातांवर असावा.

"ये ना मग," टॉर्किल म्हणाला. "की आता उचलून आणू?"

"आलो, आलो!"

कुणी आलं नाही. आम्ही वाट बघितली. मी उठायला लागले तर टॉर्किलने माझा दंड धरला. त्याच्या डोळ्यांत शाळेतली ती चमक होती, एखाद्या जाड्या मुलाला दोरावर चढवताना यायची ती.

"गंमत करू," तो कुजबुजला. "आपण पलीकडून उतरायला लागू. बसू दे शोधत."

"नको रे. पाय दुखतोय त्याचा."

"पाच मिनिटं फक्त."

मी दमले होते, गारठले होते आणि मला घरी जायचं होतं. "चल, जाऊ दे त्याला," मी हळूच म्हणाले. टॉर्किलच्या कानाशी म्हणाले, इतकं हळू की माझं मलाच ऐकू आलं नसेल.

टॉर्किलने तोंडाभोवती हात धरले. "आम्ही निघालो रे! तू ये सावकाश!"

आणि खालून, धुक्यातून, टॉर्किलचाच आवाज आला. "आम्ही निघालो रे! तू ये सावकाश!"

टॉर्किल हसला. "बघ, प्रतिध्वनी काय झकास येतोय."

समोर कडा नव्हता, भिंत नव्हती, सगळीकडे ओला उतार होता. आवाज कशावर आपटून येणार? पण डोकं काहीतरी शोधतंच. धुक्यात होत असेल असं, मी म्हणाले. दाट असलं की होत असेल.

तेवढ्यात माझा आवाज आला. अगदी हळू, कुणाच्या तरी कानाशी बोलावा तसा.

"चल, जाऊ दे त्याला."

टॉर्किलचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातला टॉर्किल गेला. मग खाली पावलं वाजायला लागली. दोन माणसांची, बरोबरीने, घाई नसलेली. ती आमच्यापासून दूर चालली होती. फाटकाच्या दिशेने.

४

आम्ही कसे उतरलो ते सांगता येणार नाही. टॉर्किल दोनदा पडला. मी "मर्डो, मर्डो" अशा हाका मारत होते आणि उत्तर येऊ नये अशी मनात प्रार्थना करत होते. उत्तर आलं नाही.

धुक्यातून बाहेर पडलो तेव्हा दुपार ढळत आली होती. खाली फाटक, आणि फाटकापलीकडे मर्डोची गाडी. दिवे लागलेले, इंजिन चालू. काचा आतून वाफेने पांढऱ्या झालेल्या. चालकाच्या जागी मर्डो, पुसट दिसणारा.

टॉर्किलने सुटकेचा श्वास टाकला, आणि पुढच्याच क्षणी तो संतापला. त्याचं नेहमी असंच. "हा इथे उबेला बसलाय!" म्हणत तो धावत गेला आणि दाराची कडी ओढली. दार उघडेना.

"उघड रे! हाडं गोठली इथे!"

मर्डोने काच दोन बोटं खाली केली. आतून ऊब आली, आणि ओल्या मातीचा वास. त्याचा चेहरा भ्यायलेला नव्हता. रडून मोकळ्या झालेल्या माणसाचा असतो तसा होता.

"टॉर्किल?" त्याने विचारलं.

"नाही, पोप आलाय. दार उघड."

"पण तू तर मघाशीच आलास."

टॉर्किल काही बोलायच्या आत मी पुढे झाले. "मर्डो, तू वर आला नव्हतास?"

"कुठला येतोय. फाटकाच्या पुढे जरासा चाललो आणि गुडघा असा सुजला. हाका मारल्या तुम्हाला, किती मारल्या. कुणी ओ दिली नाही, म्हणून परत येऊन बसलो." तो थांबला. "मग तुम्ही दोघं उतरून आलात."

"आम्ही आत्ता येतोय," मी म्हणाले.

"तू काही बोलली नाहीस फारसं, एल्स्पेथ. पण टॉर्किल बोलला. माझं चुकलं म्हणाला. लहानपणापासूनचं सगळं चुकलं म्हणाला. खाली बसून माझा बूट काढला त्याने. मोजा पिळला. पाय मांडीवर घेऊन बसून राहिला." मर्डोने भावाकडे बघितलं. "कितीतरी वेळ."

गारा टपावर वाजत होत्या. टॉर्किलच्या ओठांना रंग नव्हता.

"मर्डो," मी विचारलं, "कुठे आहेत ते?"

त्याची नजर फक्त वर, समोरच्या आरशाकडे गेली.

मी गाडीच्या मागच्या दाराशी गेले. काचेवर हात फिरवला. वेडेपणा होता तो, वाफ आतल्या बाजूने होती. माझा हात काचेवर असतानाच आतून कुणीतरी तिथेच, माझ्या तळहाताच्या मागोमाग, काच पुसली. सावकाश, गोल.

तेवढ्या गोलातून मी आत पाहिलं. माझ्या कोटाची कॉलर दिसली. कॉलरवर हनुवटी. त्या हनुवटीवर, मी सायकलवरून पडले होते तेव्हाची खूण. तोंड जरासं उघडं, आणि त्या तोंडातून, खालच्या ओठावरून, काळं पाणी कॉलरवर गळत होतं. त्याच्या वर मी नजर जाऊ दिली नाही. पलीकडे आणखी एक धिप्पाड खांदा होता, आणि त्याचा हात पुढच्या सीटवरून मर्डोच्या मानेवर ठेवलेला होता. मायेने ठेवावा तसा.

टॉर्किलला यातलं काही दिसलं नव्हतं. त्याने टपावर दोन्ही मुठी आपटल्या. "ए लंगड्या! पुरे झाली तुझी नाटकं! आईनेसुद्धा कधी तुझं खरं मानलं नाही! उघडतोस की काच फोडू?"

मर्डो हसला. खरंच हसला, मनापासून.

"हा माझा भाऊ," तो म्हणाला. "शंकाच नाही. तू खरा टॉर्किल. आणि एल्स्पेथ, तूही खरी. कळतंय मला."

"मग दार उघड ना, मर्डो," मी म्हणाले. मी रडत होते. "तू बाहेर ये. कसाही करून तू बाहेर ये."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. समोरच्याचं म्हणणं नीट समजून घ्यायचंय असं बघितलं.

"कशाला?" त्याने विचारलं.

मग काच वर गेली आणि गाडी निघाली. अगदी हळू. मागच्यांना धक्का लागू नये म्हणून जपून चालवावी, तशी.

५

रस्त्यावर आम्हाला युअन भेटला. तिकडच्या हरणांच्या रानाचा रखवालदार, तरुण, भला माणूस. त्याने आम्हाला पिकअपमध्ये घेतलं, अंगावर घोंगडी टाकली. टॉर्किलने त्याला सांगितलं की भावाचा गुडघा दुखत होता म्हणून तो पुढे गेला. "बोनार ब्रिजला सोड आम्हाला," तो म्हणाला. "त्याच्या घरी."

मी नको म्हणाले. पण टॉर्किलचे दात वाजायचे थांबत नव्हते, आणि मर्डो त्याचा भाऊ होता.

युअन आम्हाला सोडून गेला तेव्हा अंधारायला लागलं होतं. गाडी घरासमोर उभी. मागची दोन्ही दारं सताड उघडी, आणि सीटवरून काळं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. पायरीवर तसलेच ओले ठसे, आत जाणारे.

स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड होता, पडदा ओढलेला. खिमा शिजल्याचा वास येत होता. काटेचमचे वाजत होते. हळू आवाजात कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि मर्डो मधे मधे "हो? खरंच?" म्हणत होता.

टॉर्किलने दार ठोठावलं.

आतले आवाज थांबले. मग आतून टॉर्किलच म्हणाला, "कोण आलंय रे?"

"कुणी नाही," मर्डो म्हणाला. "जेव तू."

आणि मी हसले. आतली मी. त्या घरात इतकी मोकळी मी कधीच हसले नव्हते.

माझ्या शेजारी टॉर्किलचा हात पुन्हा ठोठावायला वर गेला होता. तो दारापर्यंत पोचला नाही. बराच वेळ तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला.

पोलिसांना काय सांगणार होतो आम्ही? भावाच्या घरात आम्ही बसलोय, आम्हाला बाहेर काढा? डिंगवॉलला परत येताना आगगाडीत मी सगळं पुन्हा मांडून पाहिलं. थंडीने माणसाला भास होतात, हे खरंच आहे. मर्डोने टीव्ही लावला असेल. टपालवाल्यांना आवाजांची नक्कल जमते, सगळ्या गावाचं बोलणं ऐकलेलं असतं त्यांनी. मी हे टॉर्किलला ऐकवलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"पाय मांडीवर घेतला म्हणे," तो म्हणाला. "कितीतरी वेळ."

मर्डोने नंतर फोन उचलला नाही. टॉर्किल अधूनमधून बोनार ब्रिजला जायचा. काय करतोस तिथे, विचारलं तर म्हणायचा, काही नाही, रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो. एकदा म्हणाला, "मी आज त्याला आमच्या आजोबांची ती होडीची गोष्ट सांगत होतो. अर्धी माझ्या लक्षातच नव्हती." मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. तो 'मी' म्हणजे आतला, हे कळल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

६

नोव्हेंबर संपता संपता मर्डो सापडला. बेन आल्टनच्या माथ्यावर, दगडांच्या राशीला टेकून बसलेला. युअनलाच सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. त्या पायाने तो एकटा इतका वर कसा गेला याचं सगळ्यांना नवल वाटलं.

घर आवरायला मी गेले. पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावरची गादी आरपार भिजलेली होती. बोट दाबलं की काळं पाणी वर यायचं. ती मी अंगणात ओढून नेली आणि जाळायचा प्रयत्न केला. ती पेटली नाही.

दफनाला फार लोक नव्हते. टपालातले काही जण आणि दोन शेजारणी. शवपेटी पुरल्यावर सगळे पांगले, तसा युअन आमच्याकडे आला. डोक्यावरची टोपी हातात घेऊन त्याने टॉर्किलचा हात धरला.

"मी कुणाला बोललो नाही," तो हळूच म्हणाला. "पण तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं. मर्डो गेला त्या दिवशी तुम्हाला वर जाताना मी पाहिलं. दुर्बीण होती माझ्याकडे. तुम्हा दोघांना लगेच ओळखलं. दोन्ही बाजूंनी धरून नेत होतात त्याला. त्याच्या मनात एकदा तिथे जायचं असेल, असं मी समजलो. माझ्या वडिलांचंही शेवटी असंच काहीतरी होतं, आमच्याच्याने नाही जमलं."

त्या दिवशी आम्ही डिंगवॉललाच होतो. मी औषधाच्या दुकानात कामावर, टॉर्किल घरी, खिडकीशी. मी टॉर्किलकडे बघितलं. आता हा सांगेल, असं मला वाटलं.

"मर्डो हसत होता," युअन म्हणाला. "लहान मुलासारखा. भाऊ असावा तर असा, एवढंच मनात आलं माझ्या." मग जरा अडखळून म्हणाला, "उतरताना मात्र तुम्ही दोघं दिसला नाहीत."

"पलीकडून उतरलो," टॉर्किल म्हणाला.

युअनने मान हलवली आणि हात सोडवून घ्यायला गेला. टॉर्किलने तो सोडला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. डोंगरावरच्या त्या दुपारनंतर इतक्या आठवड्यांत त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला होता.

"आणि मी काय करत होतो?" त्याने विचारलं.

युअनने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

"सांग ना, युअन," टॉर्किल म्हणाला. "मी काय करत होतो? जरा नीट आठवून सांग."